बातमीवर जगणारी मंडळी

शेगावहून सातपुड्याकडे निघालेला रस्ता खिरोड्याला पूर्णा ओलांडतो आणि वरवट बकालला येऊन फुटतो. एक वाट संग्रामपूर, जळगाव जामोदकडे जाते, एक तेल्हाऱ्याकडे, तर एक टुनकी-सोनाळ्यावरून डोंगराच्या पायथ्याशी भिडते. बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा हा मुलूख काळ्या मातीचा आणि कपाशी-सोयाबीनचा. शेगाव जवळच असल्याने गजानन महाराजांच्या दिंड्यांचा आणि भजनांचाही. या पट्ट्यात ख्रिस्ती घरे असलीच तर या गावात दोन, त्या गावात चार अशी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती एकूण लोकसंख्येच्या ०.९६ टक्के होते आणि त्यांतलाही मोठा वाटा मुंबई, वसई, पुणे, नगर या बाजूंचा. बुलडाण्यात हे प्रमाण एक टक्क्याच्या खूपच खाली जाते.

इतक्या थोड्या आणि इतक्या पांगलेल्या माणसांची मंडळी शंभर-सव्वाशे वर्षे टिकली कशी? मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला ‘मंडळी’ म्हणतो आणि इमारतीपेक्षा माणसे त्याच्या मनात आधी येतात. वऱ्हाडात तर इमारत बहुधा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी, आणि माणसे वीस-तीस कोसांत विखुरलेली. त्यांना धरून ठेवले ते फिरणाऱ्या पाळकांनी, बायबल सांगत हिंडणाऱ्या बायांनी, वर्षातून एकदा भरणाऱ्या मेळाव्यांनी आणि या सगळ्यांच्या सोबतीने गावोगाव पोचणाऱ्या बातमीने. कोण आजारी आहे, कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोणाच्या मुलीला नर्सिंगला नंबर लागला, कोण गेले. बाहेरच्याला ही किरकोळ माहिती वाटेल. मंडळीच्या दृष्टीने मात्र ती पोचवणे हेच सेवाकार्याचे निम्मे काम आहे.

रविवारच्या उपासनेत हे नीट दिसते. गीते होतात, शास्त्रपाठ वाचला जातो आणि संदेशाच्या आधी किंवा नंतर ‘सूचनां’ची वेळ येते. पाळक किंवा मंडळीचा चिटणीस वही उघडून उभा राहतो. येत्या बुधवारी प्रार्थनासभा कोणाच्या घरी, महिला मंडळाची बैठक कधी, शब्बाथ शाळेच्या, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या, मुलांची परीक्षा कोणत्या तारखेला, असे एकेक सांगत जातो. मग प्रार्थनेचे विषय येतात: अमक्यांची सून दवाखान्यात आहे, तमक्यांचा मुलगा पोलीसभरतीची तयारी करतोय, एका घरात पेरणीला पैसा नाही. नावे घेतली जातात आणि माना खाली झुकतात. पुढच्या रविवारी त्याच विषयांचा पाठपुरावा होतो. सून घरी आली असेल तर तिची सासू उभी राहून ‘साक्ष’ देते, म्हणजे काय घडले आणि देवाने कसे सांभाळले ते चारचौघांत सांगते. मागच्या आठवड्याचा विषय असा या आठवड्याची साक्ष होतो. लग्नाचेही तसेच. अनेक मंडळ्यांत तीन रविवार वधूवरांची नावे उपासनेत जाहीर केली जातात आणि कोणाची रास्त हरकत असेल तर ती सांगावी असे विचारले जाते. वृत्तपत्रातली जाहीर नोटीस जे काम करते, ते इथे भर सभेत होते.

हे सगळे उभे राहिले ते रेल्वेच्या रुळांच्या आधाराने. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ-अकोल्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. खामगाव तेव्हा वऱ्हाडातली कापसाची बडी पेठ. तिच्यासाठी जलंब ते खामगाव असा छोटा फाटा टाकून १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते तो सुरू झाला. कापसाच्या गाठी ज्या वाटेने बाहेर गेल्या, त्याच वाटेने मिशनरी आत आले. मार्कस फुलर आणि त्यांची पत्नी जेनी फुलर हे अमेरिकन दांपत्य १८८० च्या दशकात अकोल्याला राहून काम करू लागले. न्यूयॉर्कचे उपदेशक ए. बी. सिम्प्सन यांच्या चळवळीशी ते पुढे जोडले गेले. त्यातूनच ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे वऱ्हाड-खानदेशातले काम उभे राहिले. १८९३ मध्ये सिम्प्सन स्वतः भारतात येऊन गेले. अकोला, खामगाव, मलकापूर, भुसावळ, चाळीसगाव ही अलायन्सची गावे नकाशावर पाहिली की रेल्वेची रेषाच दिसते.

मग दुष्काळ आला. १८९६-९७ चा पहिला आणि लगोलग १८९९-१९०० चा दुसरा. त्या दुसऱ्याला पुष्कळ भागांत ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणत, कारण ते विक्रम संवत १९५६ होते. वऱ्हाडासारख्या सुखवस्तू प्रांतातही माणसे रस्त्यांवर मेली. अनाथ झालेली मुले मिशनच्या आवारांत आली. अकोल्याला मुलांची आणि खामगावला मुलींची सोय झाली. आजही वऱ्हाडातली जुनी माणसे ‘मिशन कंपाउंड’, ‘मिशन बोर्डिंग’ हे शब्द वापरतात, ते या काळापासूनचे. दुष्काळात आलेली ही मुलेमुली वाचायला शिकली, सुतारकाम, शिवणकाम शिकली, मोठी झाली आणि त्यांचीच आपसांत लग्ने होऊन नवी घरे उभी राहिली. वऱ्हाडातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचा इतिहास मागे नेला तर आजोळ-पणजोळ अशा एखाद्या बोर्डिंगपाशी येऊन थांबते. त्या मुलींची मूळ गावे, मूळ आईबाप कोण, हे कित्येकदा कोणालाच ठाऊक नसे. मंडळी हेच त्यांचे माहेर झाले.

जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या दुःखांवर एक इंग्रजी पुस्तक लिहिले. ते १९०० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याची प्रस्तावना पंडिता रमाबाईंची होती. त्याच वर्षी जेनी फुलर वारल्या. रमाबाईंचे केडगावचे मुक्ती मिशन आणि खामगावचे मुलींचे वसतिगृह यांच्यात तेव्हा येणेजाणे होते. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची जी मोठी लाट उठली, ती पुढे खामगावच्या मुलींपर्यंतही पोचली. दोन्ही ठिकाणी दुष्काळातून वाचलेल्या मुली होत्या आणि एकीकडची बातमी दुसरीकडच्यांना आपलीच वाटावी असे त्यांचे आयुष्य होते.

बातमीचा दुसरा प्रवाह परदेशी जात होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘इंडिया अलायन्स’ नावाचे इंग्रजी मासिक या मिशनतर्फे निघे. अकोला-खामगावकडची पत्रे त्यात छापून येत आणि अमेरिकेतल्या देणगीदारांच्या घरी पोचत. बुलडाण्याकडे काम करणाऱ्या नाझरीन या दुसऱ्या अमेरिकन मंडळीचे ‘द अदर शीप’ हे मिशनविषयक मासिक १९१३ पासून हेच काम करी. आज त्यांचे जुने अंक वाचताना एक गोष्ट जाणवते. मिशनरींची नावे, त्यांच्या सुट्ट्या, आजारपणे, बोटीच्या तारखा तपशीलवार येतात. ज्या गावकऱ्यांमुळे मंडळी उभी राहिली, ते मात्र बरेचदा ‘एक बायबलबाई’, ‘एक शिक्षक’, ‘एक वृद्ध’ असे येतात. त्या काळच्या परदेशी लेखनाची ही रीतच होती, पण तिच्यामुळे वऱ्हाडातल्या मराठी मंडळीचा अर्धा इतिहास नावाविना राहिला. हे नुकसान लहान नाही.

बुलडाणा शहराची गोष्ट वेगळी, कारण तिथे रेल्वे नव्हती. घाटावरचे, मलकापूर स्टेशनपासून लांब असलेले हे थंड हवेचे गाव. १८९८ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या काही पेंटेकॉस्टल मंडळ्यांच्या संघाने पाठवलेली एक छोटी तुकडी मुंबईला उतरली आणि पुढे बुलडाण्याला आली. हा संघ नंतर चर्च ऑफ द नाझरीनमध्ये विलीन झाला. या मंडळीची अधिकृत स्थापना १९०८ मध्ये टेक्सासमधल्या पायलट पॉइंटला झाली, म्हणजे बुलडाण्याचे काम त्या चर्चच्या जन्मापेक्षाही जुने! १९०४ मध्ये आलेले कॅनडाचे लेटन ट्रेसी यांनी इथे पुष्कळ वर्षे काढली. त्यांच्या मुलीने पुढे त्यांचे चरित्र लिहिले, तेव्हा त्याच्या नावातच त्यांना ‘ट्रेसी साहिब’ म्हटले. बुलडाणा, चिखली, मेहकर आणि पुढे वाशीम ही नाझरीन मंडळीची मुख्य ठिकाणे झाली.

त्या काळी मिशन संस्थांनी आपसांत प्रदेश वाटून घेतले होते, एकाच्या हद्दीत दुसऱ्याने जायचे नाही असा करार होता. खामगाव-अकोल्याकडे अलायन्स, बुलडाणा-चिखलीकडे नाझरीन, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, मेळघाटात कोरकूंसाठी वेगळे मिशन. जालन्याला स्कॉटिश मिशनचे काम होते आणि तिथे नारायण शेषाद्री यांनी ‘बेथेल’ नावाचे ख्रिस्ती गावच वसवले. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले हे मराठी ब्राह्मण गृहस्थ १८९१ मध्ये समुद्रप्रवासात वारले. या वाटणीचा परिणाम असा की वऱ्हाडातल्या माणसाचा पंथ बरेचदा त्याच्या श्रद्धेपेक्षा त्याच्या पणजोबाचा तालुका कोणता होता यावर ठरला. खामगावची मुलगी चिखलीला दिली की अलायन्सची नाझरीन होते. सासरी बाप्तिस्म्याची, प्रभुभोजनाची रीत थोडी निराळी निघते, पण गीते तीच आणि सूचनांची वहीही तशीच. रोमन कॅथलिकांची व्यवस्था पूर्ण वेगळी. त्यांचा अमरावती धर्मप्रांत १९५५ मध्ये झाला आणि बुलडाणा जिल्हा त्यातच येतो. १९७० च्या नोव्हेंबरात नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा अलायन्स आणि नाझरीन त्याबाहेरच राहिल्या.

जुन्या काळी सेवाकार्याचा खरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होई. पाऊस सरलेला, रस्ते वाळलेले, कापूस वेचणी चालू. बैलगाडीत तंबू, सतरंज्या, कंदील, हार्मोनियम आणि पुस्तकांची पेटी भरून पाळक, शिक्षक आणि बायबलबाया निघत. एका गावाबाहेर आंबराईत तंबू पडला की आठवडाभर आसपासची खेडी पायी होत. दिवसा आठवडी बाजारात शुभवर्तमान विकायचे, रात्री पडदा लावून मॅजिक लँटर्नने येशूच्या गोष्टींची चित्रे दाखवायची. सिनेमा न पाहिलेल्या खेड्यांत ही चित्रे बघायला पोरेटोरे, म्हातारेकोतारे जमत. पुरुषांना ज्या घरांत प्रवेश नसे, तिथे बायबलबाया जात. चुलीपाशी बसून बोलत, गीत म्हणून दाखवत, आजारी पोराला औषध सांगत. मंडळीचा विस्तार त्यांनी केला, हे उघड सत्य आहे. अहवालांत मात्र त्यांच्या वाट्याला दोन ओळी आल्या.

उन्हाळ्याच्या आधी वर्षाचा मोठा मेळावा भरे. अलायन्सची कन्व्हेन्शन, नाझरीनची जत्रा. हो, नाझरीन मंडळी आपल्या वार्षिक मेळाव्याला जत्राच म्हणे. खेड्यापाड्यातून माणसे बैलगाड्या, रेल्वे, पुढे एसटीने येत. मांडवाखाली सकाळ-संध्याकाळ सभा होत, मधल्या वेळेत स्वयंपाकाच्या चुली पेटत आणि तिथेच वर्षभराच्या बातम्यांची देवाणघेवाण होई. कोणाची सून बाळंत झाली, कोणी नोकरी सोडली, कोणाच्या घरी वाटणीवरून भांडण लागले. उपवर मुलामुलींच्या आयाही याच मांडवात एकमेकींना भेटत. भुसावळ, अकोला, जालना, बुलडाणा इथल्या घरांमधली कितीतरी नाती अशा मेळाव्यांत जुळली. थोड्या लोकांच्या समाजात स्थळ शोधणे किती अवघड असते, ते ज्याला शोधावे लागते त्यालाच कळते, म्हणून मेळाव्याचा हा भाग हलका मानू नये.

वर्षभरात आणखी काही दिवस मंडळी खूप भरून येते. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जण बोलतात. एरवी मागच्या बाकावर बसणारी शिक्षिका, बँकेतला कारकून, कॉलेजातला मुलगा यांना त्या दिवशी व्यासपीठ मिळते. कित्येक चांगले मराठी वक्ते या सात उद्गारांतून तयार झाले आहेत. नाताळच्या आधी तरुण संघाची मंडळी घरोघर गीते गात फिरते. थंडीच्या रात्री, मोटारसायकलींवर, ढोलकी-टाळ घेऊन. लांबच्या खेड्यातल्या एकट्या ख्रिस्ती घरापुढे वीस जण येऊन गातात, तेव्हा शेजारचेही बाहेर येतात.

आणि उपकारस्तुतीचा सण! पीक हाती आले की प्रत्येकाने आपल्या शेतातले पहिले काही तरी आणायचे. शेत नसेल तर घरातले. वेदीपुढे ज्वारीची कणसे, कापसाची बोंडे, तुरीच्या शेंगा, कोहळे, भोपळे, केळीचा घड, अंड्यांची टोपली, पाय बांधलेली कोंबडी असे सगळे मांडले जाते. उपासना संपली की लिलाव. कोहळा बाजारात चाळीस रुपयांचा, इथे तो पाचशेला जातो. एखादे लिंबू घेणारा ते लगेच परत अर्पण करतो, पुन्हा बोली लागते, पुन्हा कोणी घेतो आणि परत देतो. एका लिंबावर दोन-तीन हजार जमतात. हसू, टाळ्या, नातवाला पुढे करून बोली लावणारी आजी. मंडळीच्या छपराची दुरुस्ती, पाळकाचा थकलेला पगार, एखाद्या विद्यार्थ्याची फी अशी कामे या पैशांतून निघतात. परदेशी पैसा आटल्यावर वऱ्हाडातली मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहिली ती अशा लिलावांनी आणि महिन्याच्या दशांशाने, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्श्याच्या दानाने. परदेशी मिशनरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू निघून गेले तेव्हा अनेकांना वाटले होते की आता हे सगळे मोडेल. ते मोडले नाही.

मिशनच्या कामाचा एक मोठा भाग चर्चच्या भिंतीबाहेर होता आणि तो सगळ्यांना दिसला. वाशीमला पूर्वी बासीम म्हणत, आणि तिथे मेथडिस्टांचे काम होते. ते पुढे नाझरीनकडे आले. १९३६ मध्ये डॉ. ऑर्फा स्पायशर नावाची तरुण अमेरिकन डॉक्टर भारतात आली. तिने वाशीमला एका जुन्या शाळेच्या इमारतीत दवाखान्याची उभारणी केली. १९३८ मध्ये तो सुरू झाला आणि त्याला नाझरीन मंडळीचे अधीक्षक हायरम रेनॉल्ड्स यांचे नाव दिले गेले. स्पायशर यांनी तिथे चार दशके काढली. आजूबाजूच्या लोकांना तो ‘मिशन दवाखाना’ म्हणूनच माहीत. तिथे परिचारिकांचे प्रशिक्षणही सुरू झाले. वऱ्हाडातल्या ख्रिस्ती घरांत मुलगी नर्स होणे ही इतकी साधी गोष्ट का, याचे एक उत्तर इथे आहे. परतवाड्याजवळच्या कोठारा इथला कुष्ठरोगाचा दवाखानाही मिशनच्या कामातून आला. ज्यांना गावाने बाहेर घातले त्यांना तिथे जागा मिळाली. दवाखान्यातून चर्चमध्ये किती जण आले याची मोजदाद करणाऱ्यांना तो हिशेब करू द्यावा. बाळंतपणात वाचलेल्या बायांचा हिशेब त्याहून मोठा आहे.

मराठी ख्रिस्ती मंडळींना स्वतःचे वर्तमानपत्र फार आधी मिळाले. ‘ज्ञानोदय’ अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू केले. धर्मावरचे वाद, विज्ञानाची माहिती, देशोदेशीच्या घडामोडी आणि मंडळ्यांच्या बातम्या त्यात एकत्र येत. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींनी त्यात लिहिले. १९१२ पासून रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याच्या मराठी भागाचे संपादन केले. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांना बायबल वाचायला दिले, १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. विदर्भातून जाणाऱ्या त्या रेल्वेने मराठी ख्रिस्ती गीतांचा चेहरामोहराच बदलला. टिळकांच्या गीतांमुळे अभंग, ओवी आणि भजनाची चाल चर्चमध्ये रुळली. ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक आज मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत घरोघर असते. शेगावच्या भजनांच्या प्रदेशात वाढलेला ख्रिस्ती मुलगा हार्मोनियमवर जेव्हा हात ठेवतो, तेव्हा त्याला चाल परकी वाटत नाही. कॅथलिकांचे ‘निरोप्या’ हे मासिक १९०३ मध्ये केंदळ इथे जर्मन जेझुईट हेन्री डोरिंग यांनी काढले. ‘सुवार्ता’ वसईतून १९५० च्या दशकात सुरू झाले, पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ते दीर्घकाळ संपादले. हेच दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

या नियतकालिकांच्या बातम्या नगर, पुणे, मुंबई, वसई या बाजूंच्या अधिक. वऱ्हाडातल्या खेड्यातली बातमी छापून येणे विरळाच. म्हणून इथे तोंडी बातमीचे मोल वाढले.

एका प्रश्नाला इथे बगल देता येत नाही. वऱ्हाडातले पुष्कळ ख्रिस्ती मूळचे महार आणि मांग समाजातले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजूनही बाहेर आहेत. धर्मांतरितांना हा दर्जा द्यावा का, हे तपासायला केंद्र सरकारने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. दुसरीकडे, १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारल्यावर वऱ्हाडातली गावेच्या गावे बौद्ध झाली. एकाच घराण्यात एक भाऊ बौद्ध, दुसरा ख्रिस्ती अशी उदाहरणे कमी नाहीत. नाती टिकली, पण कागद वेगळे झाले. ख्रिस्ती भावाच्या मुलाला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही, त्यावरची शिष्यवृत्ती मिळत नाही. त्यामुळे काही जण रविवारी चर्चमध्ये येतात आणि जनगणनेत दुसरेच लिहितात. बुलडाण्याच्या आकड्यांत मंडळी जितकी दिसते, त्यापेक्षा ती प्रत्यक्षात मोठी असण्याचे हे एक कारण. जात धर्म बदलल्याने संपत नाही हे ज्या समाजाला रोज भोगावे लागते, त्याच्याशी राज्याने केलेला हा व्यवहार न्याय्य म्हणता येत नाही.

आजचा पाळक मोटारसायकलवर फिरतो. त्याच्याकडे बरेचदा एकाहून अधिक गावे असतात. सकाळी तालुक्याच्या गावी उपासना, दुपारी कोणाच्या तरी घरात, संध्याकाळी तिसरीकडे. पूर्णेला पूर आला आणि खिरोड्याचा पूल पाण्याखाली गेला तर अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे. मयताची बातमी आली की त्याला रात्रीच निघावे लागते. लहान गावात ख्रिस्ती दफनभूमी असतेच असे नाही, जागेचा प्रश्न त्याच रात्री सोडवावा लागतो. सरपंचाला भेटायचे, शेजाऱ्यांशी बोलायचे, वेळ पडली तर मोठ्या गावी न्यायची सोय करायची. लग्न लावायचे तर १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली परवाना हवा, विधी सकाळी सहा ते संध्याकाळी सात यांच्यामध्ये व्हायला हवा, नोंद वहीत घालून प्रत निबंधकाकडे पाठवायला हवी. पगार तुटपुंजा. बहुतेक पाळकांच्या बायका शाळेत, दवाखान्यात नाही तर शिवणयंत्रावर काम करून घर चालवतात आणि महिला मंडळही चालवतात.

वर्षअखेर त्याला अहवाल द्यावा लागतो. नाझरीन मंडळीच्या जिल्हा सभेत प्रत्येक पाळक उभा राहून आपल्या मंडळीचा वर्षाचा हिशेब मांडतो. सभासद किती, नवे किती, शब्बाथ शाळेत मुले किती, दान किती, घरभेटी किती. आकडे कोरडे वाटतात, पण ऐकणारे ते नुसते आकडे म्हणून ऐकत नाहीत. ‘दोन बाप्तिस्मे’ म्हटले की सभेतल्या कोणाला तरी ती दोन माणसे माहीत असतात. अलायन्सच्या मंडळ्यांतही पंचकमिटीपुढे असाच हिशेब होतो.

अलीकडे सूचनांची वही मोबाइलमध्ये आली आहे. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर पहाटे पाचला बायबलचे वचन येते, सातला प्रार्थनेचा विषय, दुपारी कोणाच्या तरी ऑपरेशनचा फोटो, रात्री तरुणांच्या शिबिराचा व्हिडिओ. पुण्यात, मुंबईत, आखातात नोकरीला गेलेला मुलगा खामगावच्या उपासनेतली साक्ष त्याच दिवशी ऐकतो. पूर्वी वर्षातून एकदा मेळाव्यात कळणारी बातमी आता तासात कळते. यातून एकट्या घरांना मोठा आधार मिळाला आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यात रात्री अकराला ताप चढलेल्या मुलासाठी चाळीस घरांत प्रार्थना होते आणि त्यांतले एखादे घर त्याला शेगावला न्यायला गाडी घेऊन निघते. पण एक धोकाही आहे. फोन बदलला की हा सारा मजकूर बरेचदा नाहीसा होतो. ‘इंडिया अलायन्स’चे शंभर वर्षांपूर्वीचे अंक वाचता येतात, गेल्या वर्षीचा गट उघडता येत नाही.

म्हणून जुन्या नोंदवह्यांचे काम तातडीचे आहे. जुन्या मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या वह्या कपाटांत पडून असतात. कुठे वाळवी लागलेली, कुठे पावसाचे पाणी गेलेले, कुठे मिशनच्या जमिनींच्या वादात कपाटाची किल्लीच कोणाकडे हे ठाऊक नसलेले. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख चुकली, पासपोर्टला पुरावा लागला, वारसाहक्काचा खटला लागला की लोक याच वह्यांकडे धाव घेतात. इतिहास लिहू पाहणाऱ्याला तर दुसरा आधारच नाही. जिथे परदेशी मासिके ‘एक वृद्ध’ म्हणून थांबतात, तिथे मंडळीची वही त्याचे पूर्ण नाव, बापाचे नाव, गाव आणि तारीख सांगते. मंडळीतल्या कॉलेजच्या मुलांनी मोबाइलने पानांचे फोटो काढून त्यांची नीट यादी केली तर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत एका मंडळीचे काम होऊ शकते. त्यासाठी मोठा निधी लागत नाही, पंचकमिटीची परवानगी आणि पाठीशी बसणारा एखादा निवृत्त शिक्षक पुरे. सुरुवात सर्वांत जुन्या वहीपासून करावी, कारण पाने आधी तिचीच सुटतात.